पहिलं पिस्तूल घेताना: ९ एमएम, .३८ की .४५?

मी पहिलं हँडगन घेतलं ते वीस मिनिटांत. त्याच्या आदल्याच महिन्यात मिक्सर निवडायला आम्ही तीन शनिवार घालवले होते. काउंटरपलीकडच्या माणसाने मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काचेच्या कपाटातून पाच गोळ्यांचं एक चिमुकलं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढलं आणि म्हणाला, यात बिघडण्यासारखं काही नाही. वजन अर्ध्या किलोहून कमी. खिशात मावत होतं. मी भुललो.

त्याच संध्याकाळी रेंजवर पहिली गोळी झाडली आणि तळहातावर कुणी उलट्या हातोडीने मारल्यासारखं झालं. पाचव्या गोळीला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होतो. लक्ष्याच्या कागदावर एकच भोक, तेही कोपऱ्यात. दीड महिन्याने ते विकलं तेव्हा निम्मी किंमत हाती आली.

टेक्सासात राहून मला आता बरीच वर्षं झाली. ग्रीन कार्ड हातात पडलेले ओळखीतले लोक हल्ली विचारतात, "घरात एक ठेवावं म्हणतोय, कुठल्या बोअरचं घेऊ?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं. घ्यावं की नाही, हा तुमचा प्रश्न. एवढंच म्हणेन की घरात कुणी नैराश्यातून जात असेल, किंवा भांडणं हातघाईवर येत असतील, तर पुढचं वाचू नका आणि घेऊ नका. त्या घरात पिस्तुलाचा धोका चोरापेक्षा मोठा असतो.

पायरी १: आधी व्हिसा बघा

बोअरची, म्हणजे गोळीच्या मापाची, चर्चा सुरू होण्याआधीच आपल्यातले निम्मे लोक इथे गळतात. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, व्हिजिटर अशा कुठल्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे वैध शिकारीचा परवाना. ‘ऑनलाइन परवाना काढ, झालं काम’ असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्या भरवशावर राहू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ते देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं.

बहुतेक जण फसतात ते ‘बाळगणे’ या शब्दावर. विकत घेणं म्हणजेच बाळगणं, असं आपण धरून चालतो. रेंजवर अर्ध्या तासासाठी भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही त्यातच येतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ऑफिसची मंडळी हौसेने रेंजवर नेतात, फोटो काढतात, इन्स्टावर टाकतात. एच-वन-बीवाल्याने तिथे कॉफी प्यावी आणि काचेतून बघावं.

माझे बाबा फौजेत बावीस वर्षं होते. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा रेंजवर यायचा त्यांचा फार हट्ट होता. व्हिजिटर व्हिसा, त्यामुळे ते काचेपलीकडे स्टुलावर बसून राहिले आणि दर गोळीनंतर हाताने खुणावत होते, मनगट ढिलं पडतंय, मनगट.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना पुढे जाता येतं.

पायरी २: कागद जमवा

दुकानात जाताना हे सोबत ठेवा:

– राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी, आत्ता राहता त्या पत्त्याचं. घर बदललं आणि लायसन्स जुन्याच पत्त्याचं राहिलं, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. गाडीच्या रजिस्ट्रेशनसारखा नव्या पत्त्याचा सरकारी कागद जोडून बहुतेक ठिकाणी काम होतं, पण आधी फोन करून विचारा. नुसता पासपोर्ट चालत नाही.
– ग्रीन कार्ड. त्यावरचा यूएससीआयएस नंबर फॉर्ममध्ये भरावा लागतो.
– राज्याचा वेगळा परवाना लागत असेल तर तो.

दुकानदार ‘फॉर्म ४४७३’ देतो, बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म. तो सावकाश भरा. नाव लायसन्सवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. वंशाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात आणि दोन्हींची उत्तरं द्यावी लागतात. आपले लोक ‘एशियन’वर खूण करतात, हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न कोरा सोडतात आणि फॉर्म परत येतो. गांजाबद्दलही विचारलेलं असतं. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायदा बदलत नाही, हे तिथेच छापलेलं आहे. ‘ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का’ या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन मित्रासाठी घेणं हा गंभीर गुन्हा आहे.

मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत तुमची चौकशी करतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. कधी ‘डिले’ येतो, विशेषतः नाव-आडनाव सरसकट आढळणारं असेल तर. घाबरायचं कारण नाही, थांबायचं. संघीय कायद्यात दुकानातून हँडगन घ्यायला वयाची अट २१ आहे आणि ते आपल्या राहत्या राज्यातच घ्यावं लागतं.

राज्याराज्यात फरक मोठा आहे. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र आणि मग प्रत्येक हँडगनसाठी वेगळी परवानगी. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात सुरक्षा परीक्षेचं प्रमाणपत्र आणि दहा दिवस थांबणं. टेक्सासात यातलं काही नाही. पण ‘काही नाही’चा अर्थ शिकायचं नाही असा आमच्याकडचे काही जण घेतात, त्याला इलाज नाही.

पायरी ३: आकड्यांनी गोंधळू नका

बोअर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. अमेरिकी आकडा इंचात असतो: .४५ म्हणजे ०.४५ इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. युरोपी आकडा मिलिमीटरमध्ये असतो, त्यापुढे काडतुसाच्या नळकांडीची लांबी: ९×१९. इथपर्यंत सरळ आहे.

पुढे नावं खोटं बोलायला लागतात. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची. नाव जुन्या काळच्या नळकांडीच्या मापावरून चिकटलं ते चिकटलं. .३५७ मॅग्नमची गोळीही त्याच व्यासाची, नळकांडी तेवढी लांब. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलटं चालत नाही. .३८० एसीपीचा .३८ स्पेशलशी काही संबंध नाही, ते ९ एमएमचं धाकटं भावंड आहे, ९×१७. आणि ९ एमएम मॅकारोव्ह हे आणखी तिसरंच.

यावर उपाय साधा आहे. पिस्तुलाच्या नळीवर किंवा स्लाइडवर (मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) कोरलेली अक्षरं आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेली अक्षरं जुळली तरच भरायचं. डब्याच्या रंगावर जायचं नाही.

गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये लिहितात आणि नवख्याला ते काहीच सांगत नाही. आपल्याकडे त्याला सोपी किल्ली आहे: १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. .४० ची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे तोळाभर शिसं. ९ एमएमची ११५, १२४ किंवा १४७ ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्याच्या आसपास. .४५ ची २३० ग्रेनची, सव्वा तोळ्याहून किंचित जास्त. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, सोनाराकडे गेला असतास तर चार पैसे उरले असते.

पायरी ४: ‘स्टॉपिंग पॉवर’ हा शब्द बाजूला ठेवा

काउंटरवर हा शब्द हटकून कानावर पडतो. मोठी गोळी लागली की माणूस मागे उडतो, असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. तसं होत नाही. गोळी पुढे जाते तेवढाच धक्का मागे आपल्या हाताला बसतो. समोरचा उडत असता तर झाडणाराही उडाला असता. हँडगन हे रायफलच्या मानाने दुबळं हत्यार आहे, कुठल्याही बोअरचं असो. गोळी कुठे लागली आणि पुरेशी आत गेली का, यावर सगळं ठरतं.

‘पुरेशी आत’ हा मुद्दा कुठून आला, ते माहीत असलेलं बरं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती. दंडातून ती छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढतच राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर, कपड्यांचे थर चढवून, पद्धतशीर चाचण्या सुरू केल्या. निकष ठरला की गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे. कमी गेली तर निकामी, जास्त गेली तर पलीकडच्याला धोका.

या धांदलीत ते आधी १० एमएमकडे वळले. त्याचा झटका बऱ्याच एजंटांना झेपेना, म्हणून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जन्माला आलं आणि वीस-पंचवीस वर्षं अमेरिकी पोलिसांच्या कमरेला तेच होतं. पुढे ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या. शरीरात शिरल्यावर फुलासारख्या उमलणाऱ्या होलो पॉइंट गोळ्या त्याच निकषात बसायला लागल्या आणि २०१५ च्या सुमारास एफबीआय परत ९ एमएमवर आली. मोठ्या बोअरसाठी हट्ट करणाऱ्या काकांना ही गोष्ट सांगून बघा. पटत नाही, पण थोडा वेळ गप्प बसतात.

पायरी ५: आता एकेक बोअर

.२२: शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. झटका जवळजवळ नाही, काडतूस सगळ्यात स्वस्त. स्वसंरक्षणाला मात्र मी घेणार नाही. याची ठिणगी काडतुसाच्या कडेत असते, मध्यभागी नाही, आणि त्यामुळे गोळी न उडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. मनगटं अगदी अधू असतील तर हेही चालेल, पण दुसरं काही जमत नाही म्हणून.

.३२: गावाकडच्या माणसाला हाच एक बोअर ठाऊक असतो. भारतात ९ एमएम ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेला, असल्यामुळे परवान्यावर मिळतं ते ‘बत्तीसचं’, बऱ्याचदा कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. माझ्या मामांकडे आहे. फोनवर त्यांनी विचारलं, बत्तीस का नाही घेतलंस? कारण अमेरिकेत त्याला आता फारसं कुणी विचारत नाही. पिस्तुलं मोजकी, काडतुसं महाग.

.३८० एसीपी: इथे नवखे हमखास फसतात. बोअर लहान म्हणजे झटका कमी, असं वाटतं. पण जुन्या धाटणीच्या लहान .३८० पिस्तुलांत नळी जागची हलत नाही, गोळी सुटतानाचा सगळा जोर स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर येतो. त्यामुळे स्प्रिंग कडक, स्लाइड मागे ओढायला जड, आणि हाताला बसणारा हिसका थोड्या मोठ्या ९ एमएमपेक्षा बोचरा. उलट स्लाइड मुद्दाम हलकी केलेली मध्यम आकाराची .३८० पिस्तुलं हल्ली मिळतात. संधिवात असलेल्या, पंचावन्न-साठीच्या पुढच्या माणसाला ती खरंच उपयोगी. गोळीच्या बाबतीत हा बोअर काठावरचा आहे: होलो पॉइंट उमलली की खोल जात नाही, खोल गेली की उमललेली नसते.

९ एमएम: दहातल्या आठ जणांना मी हेच सांगतो. १९०२ च्या सुमारास जर्मनीत गेओर्ग लुगरने काढलेलं हे काडतूस आज नाटोच्या सैन्यांपासून गल्लीतल्या पोलिसापर्यंत सगळ्यांकडे आहे. याची कारणं फार साधी आहेत. झटका आवरता येतो. ग्लॉक १९ सारख्या मध्यम पिस्तुलात १५ गोळ्या बसतात, त्याच मापाच्या .४५ मध्ये दहाच्या आसपास. सरावाच्या काडतुसांचा पन्नासचा डबा स्वस्त, म्हणून सराव होतो. तोट्याची एकच बाजू लक्षात ठेवा. ९ एमएम आहे म्हणून खिशात मावणारं अगदी चिमुकलं मॉडेल उचललंत, तर माझ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरचाच धडा पुन्हा गिरवाल. पिस्तूल हलकं तेवढा हिसका जास्त, हा नियम बोअरला सोडत नाही.

.३८ स्पेशल आणि .३५७: रिव्हॉल्व्हरचे बोअर. रिव्हॉल्व्हर सोपं असतं हे खरं: मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) नाही, स्लाइड ओढायची नाही, गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. पण तो चाप जड असतो, सहज दहा-बारा पौंडांचा, आणि ओढता ओढता नळीचं तोंड हलतं. गोळ्या पाच किंवा सहा. चार इंची नळीचं, वजनदार, पोलादी रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल घालून चालवायला अतिशय गोड. तेच दोन इंची, हलक्या मिश्रधातूचं घेतलंत तर ते जाणकाराचं हत्यार आहे, आणि दुकानदार नेमकं तेच नवख्याच्या, त्यातही बायकांच्या हातात देतात. .३५७ मॅग्नम बंद खोलीत झाडलं तर आवाज आणि ज्वाळा एवढी की दुसरी गोळी अंदाजानेच.

.४०: वाईट नाही. पोलिसांनी सोडल्यामुळे वापरलेली चांगली पिस्तुलं स्वस्तात मिळतात, आणि मोह तिथेच होतो. पिस्तूल स्वस्त पडतं, काडतूस नाही, आणि झटका ९ एमएमहून चटकन जाणवण्याइतका जास्त.

.४५ एसीपी: जॉन ब्राउनिंगचं, १९११ च्या पिस्तुलामुळे गाजलेलं. १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल याच बोअरचं. याचा झटका तीक्ष्ण नाही, ढकलल्यासारखा आहे, वजनदार पोलादी पिस्तुलात तर सुखाचा वाटतो. मला आवडतं, माझ्याकडे आहे. पण ९ एमएम आणि याच्या व्यासात फरक आहे तो अडीच मिलिमीटरचा, आणि त्यासाठी एक-तृतीयांश गोळ्या कमी आणि दीडपटीहून जास्त खर्च. पहिलं म्हणून नको.

पायरी ६: विकत घेण्याआधी भाड्याने घ्या

बहुतेक मोठ्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. दोन-तीन शनिवार द्या, आम्ही मिक्सरला दिले तसे. एकट्या नवख्याला बऱ्याच रेंज भाड्याने देत नाहीत. आत्महत्या टाळण्यासाठी तो नियम असतो, रागावू नका, कुणाला तरी सोबत न्या. पहिल्या वेळी प्रशिक्षकाचा एक तास घ्या. बंदूक कायम भरलेलीच समजायची, जे नष्ट करायचं नाही त्यावर तोंड रोखायचं नाही, नेम लागेपर्यंत चापावर बोट नाही, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. हे चार नियम पाठ नसतील तर बोअरची चर्चाच फिजूल.

सामान: कानांवर मफ आणि आत फोमचे बोळे, दोन्ही. डोळ्यांना चष्मा. गळ्याशी बंद शर्ट घाला, कारण बाहेर उडणारी रिकामी पुंगळी तापलेली असते आणि नेमकी कॉलरमध्ये शिरते. परतताना हात गार पाण्याने साबण लावून धुवा, तोवर खाणं नाही. शिशाची धूळ असते.

परीक्षा अशी घ्या. कागदी बशी, पोह्यांना वापरतो ती, २१ फुटांवर लावा. पाच सेकंदांत पाच गोळ्या. ९ एमएमने, .३८ ने, .४५ ने, तीन-तीन वेळा. पाचही ज्या बोअरने बशीत बसतात, त्यातला सगळ्यात मोठा तुमचा. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी ९ एमएमने चार बसवल्या, मी .४५ ने दोन. घरी येताना गाडीत गाणी लावली होती, बोलणं झालं नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा: स्लाइड तुम्हाला आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मागे ओढता येते का, आणि मूठ पकडल्यावर बोटाचं पहिलं पेर चापावर नीट पोचतं का. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे हात लहान असतात. दोन रांगांच्या मॅगझिनची जाड मूठ त्यांना पुरत नाही, आणि दोष बोअरला दिला जातो.

बाबांचं मनगटाचं म्हणणंही बरोबर होतं. मनगट ढिलं असलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं. लोक म्हणतात, पिस्तूल खराब निघालं.

पायरी ७: काडतुसं दोन प्रकारची

सरावाला तांब्याच्या आवरणाची भरीव गोळी, संरक्षणाला होलो पॉइंट. भरीव गोळी आरपार जाते, म्हणून घरात ती ठेवू नका. होलो पॉइंट महाग, वीसच्या डब्यात मिळते. तरी निदान दोन डबे आपल्याच पिस्तुलातून झाडून बघा, कारण एखाद्या पिस्तुलाला एखादी गोळी पचत नाही. न्यू जर्सीत होलो पॉइंट घरी ठेवता येते, पण बाहेर जवळ बाळगण्यावर बंधनं आहेत. एडिसनवाल्यांनी तिथला नियम नीट वाचावा. ‘+पी’ असं छापलेलं काडतूस जादा दाबाचं असतं, ते पिस्तुलाच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच.

आमच्या भागात सध्या ९ एमएमचा सरावाचा डबा पंधरा डॉलरच्या आसपास आहे. .३८ स्पेशल आणि .४५ पंचविशीत जातात. महिन्याला दोन डबे धरलेत तर वर्षाचा फरक अडीचशे डॉलरच्या घरात. त्यात प्रशिक्षकाचे तीन-चार तास सहज निघतात.

पायरी ८: घरातल्या भिंती मोजा

इथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पाट्यांच्या. माणसाला थांबवू शकेल अशी कुठलीही गोळी, ९ असो वा .४५, अशा दोन-तीन भिंती ओलांडते. ‘हा बोअर भिंतीतून जात नाही’ असं कुणी म्हणालं तर ते दुकान सोडा. आम्ही एका रविवारी घराचा नकाशा कागदावर काढला आणि जिन्याच्या वरच्या टोकापासून रेघा मारल्या. एक रेघ थेट मुलीच्या पलंगावरून जात होती. मग पलंग हलवला, आणि रात्री काही झालं तर सगळ्यांनी कुठल्या खोलीत जमायचं तेही ठरवलं. त्या दिवसानंतर बोअरबद्दलचे आमचे वाद संपले.

तिजोरी पिस्तुलाबरोबरच घ्या, नंतर नाही. पटकन उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने आवळलेली. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. आणि भारतातून आलेले आई-बाबा, एच-फोरवरची भावजय वगैरे घरात असतील तर किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे नको. कारण पायरी १ मध्ये आलंय.

पायरी ९: शाळा आणि विमानतळ

टेक्सासात २०२१ च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, पण सगळीकडे नाही. शाळेच्या इमारतीत नाही. आपली रविवारची मराठी शाळा आणि गणेशोत्सव बऱ्याच गावांत शाळेच्याच इमारतीत असतात, हे आरतीच्या गडबडीत विसरायला होतं.

दुसरी गोष्ट भारतवारीची. रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ खाली गुन्हा नोंदला जातो. त्यात ९ एमएम तिकडे प्रोहिबिटेड बोअर. ‘माहीतच नव्हतं’ हे न्यायालयं बऱ्याच वेळा मान्य करून गुन्हा रद्दही करतात, पण तोवर सुट्टी, विमान आणि पासपोर्ट सगळं अडकलेलं असतं.

गेल्या डिसेंबरात निघायच्या आदल्या रात्री बायकोने माझी काळी सॅक पलंगावर उलटी करून झटकली. जुन्या पावत्या पडल्या, फोमचे बोळे पडले, सुकलेलं लिंबू पडलं. मग अस्तराच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून तिने एक पितळी काडतूस बाहेर काढलं आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवलं. ती सॅक आता गराजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. तिच्यावर पांढऱ्या मार्करने तिने ‘रेंज’ असं लिहिलंय.